बाँब सोपा, म्हणून जंतू विसरायचे?

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं की जैविक दहशतवाद, म्हणजे मुद्दाम रोगाचे जंतू पसरवणं, हा बागुलबुवा आहे, अतिरेक्याला बाँब सोपा पडतो, पैसा नालेसफाईवर घाला, आणि झाशी रोडवर डीआरडीई ही संरक्षण खात्याची प्रयोगशाळा असताना ग्वाल्हेरकरांनी कशाला घाबरायचं?

बाँब सोपा, हे कबूल. जपानच्या ओम शिनरिक्यो पंथाकडे पैसा होता, शिकलेसवरलेले लोक होते. 1993 साली त्यांनी टोकियोत गच्चीवरून अँथ्रॅक्सचे, म्हणजे गुरांच्या फाशी रोगाचे, जंतू फवारले. शेजाऱ्यांनी घाण वासाची तक्रार केली, बस्स! त्यांच्या हाती लागलेला जंतू लशीतला, निरुपद्रवी निघाला.

पण अमेरिकेतल्या ओरेगनचं काय? 1984 मध्ये रजनीशांच्या काही अनुयायांनी हॉटेलांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेला हा जुलाब लावणारा जंतू मिसळला. निवडणुकीच्या दिवशी मतदार अंथरुणात पडावेत, त्याची ही रंगीत तालीम. 751 जण आजारी पडले, मेलं कोणी नाही. सरकारी तपासानं खापर फोडलं हॉटेलच्या नोकरांच्या अस्वच्छ हातांवर. घातपात उघडा पडायला वर्ष गेलं, तेही आश्रमातच फाटाफूट झाली म्हणून. मला धास्ती आहे ती याची.

डीआरडीईचा अभिमान मलाही आहे. 1994 च्या प्लेगचे जंतू ओळखण्यात तिथल्या शास्त्रज्ञांचा हात होता. पण प्रयोगशाळेला नमुना तर मिळायला हवा! आपल्याकडे ताप आला की मेडिकलवाला कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या बांधून देतो, त्यात एखादी अँटिबायोटिक असायचीच. तिनं जंतू आधीच दबतात, म्हणून पुढे मोठ्या दवाखान्यात रक्त घेतलं तरी तपासणीत जंतू वाढून दिसेलच याचा भरवसा नाही. चिठ्ठीवर नुसतं ‘व्हायरल’.

आणि प्रयोगशाळा म्हणजे बिनघोर, असंही नाही. 2001 मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सच्या पत्रांनी 5 जणांचा जीव घेतला. एफबीआयनं शेवटी बोट ठेवलं ते त्यांच्याच लष्करी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञावर. त्यानं आत्महत्या केली, खटला उभा राहिलाच नाही. (1972 चा जैविक शस्त्रबंदी करार आहे, पण कोण पाळतंय हे तपासणारी यंत्रणा त्यात नाही.)

नाले साफ करा म्हणता, जरूर करा. मी वेगळी तिजोरी मागतच नाहीये. रोगांवर नजर ठेवणारी सरकारी योजना 2004 पासून आहे. मुरारच्या खासगी डॉक्टरांनी आपले तापाचे रुग्ण तिथे वेळेवर कळवले, गुरांच्या डॉक्टरनं फाशी रोगानं मेलेली म्हैस कळवली, तर साथ आपसूक आलेली असो की कुणी मुद्दाम पसरवलेली, लवकर हाती लागेल. यात घाबरवण्यासारखं काय आहे, ते तुम्हीच सांगा.