अकरा मिनिटं

आज ऑफिसात सगळ्यांना एक मेल आला. सोबत तक्ता. कोण किती वेळ 'कामाव्यतिरिक्त' साइट्सवर होतं, नावानिशी. माझ्यापुढे ११ मिनिटं.

ती अकरा मिनिटं मला चांगली आठवतात. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा विम्याचा फॉर्म भरत होते. दोनदा सेशन संपलं, दोनदा पहिल्यापासून भरला. तिसऱ्यांदा गेला एकदाचा आणि मी परत कामाला लागले. बास.

आता गंमत बघा. ऑपरेशनच्या दिवशी माझी रजा होती, रीतसर मंजूर. बाबा आत, मी बाहेर बाकड्यावर, आणि साहेबांचा मेसेज: "फक्त दोन मिनिटं." त्या दोन मिनिटांचा सव्वा तास झाला. बाबांना बाहेर आणलं तेव्हा मी फोनवर एक्सेलमधली बेरीज जुळवत होते. नर्सने दोनदा हाक मारली म्हणे. बाबा एवढंच म्हणाले, "झालं का तुझं काम?"

त्या सव्वा तासाचा तक्ता कुठाय?

आणि वर लक्ष लागत नाही म्हणून उपदेश! ग्लोरिया मार्क नावाच्या संशोधक वर्षानुवर्षं हेच मोजतायत. २००४ मध्ये माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा, अलीकडे ४७ सेकंद. माझ्या स्क्रीनवर तर निम्मी टुणटुण ऑफिसच्याच ग्रुपची. 'नोटेड', 'थँक्स', अंगठा, परत अंगठा.

हो, दिवसभर रील्स बघणारेही असतात. आमच्याकडे एक आहेत, त्यांचं काम माझ्याच गळ्यात पडतं. मान्य. पण त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं कुणाला नसतं, म्हणून सरसकट सगळ्यांचा तक्ता.

रोमानियात एका इंजिनिअरला ऑफिसच्या मेसेंजरवर भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी बोलला म्हणून काढलं होतं. कंपनीने त्या गप्पांची ४५ पानं समोर ठेवली. पंचेचाळीस! हे २००७ चं. त्याच्या खासगीपणाच्या हक्काचं रक्षण झालं नाही, असं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने सांगायला २०१७ उजाडलं. आपण कुठे दहा वर्षं भांडणार?

असो. संध्याकाळी साहेब लिफ्टमध्ये भेटले. तक्ता त्यांच्याकडेही वरून कुणीतरी मागितला असणार. जरा वेळ गप्प होते, मग हळूच विचारलं, "बाबांचा डोळा कसा आहे?" मी सगळं ऐकवणार होते. "बरा आहे" म्हटलं आणि उतरले.

क्लेम अडकलाय, एक कागद कमी आहे म्हणे. उद्या परत तोच फॉर्म उघडायचाय. ऑफिसातूनच उघडणार आहे.