कुंड्यांच्या प्रदर्शनात एखादे कुळ मांडून पाहा

जानेवारी उजाडला की पुणेकरांना एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाचे वेध लागतात, मुंबईकर राणीच्या बागेतल्या प्रदर्शनाची वाट पाहतात, आणि त्याच धर्तीवर ठिकठिकाणच्या शाळा, महाविद्यालये व गृहसंस्थाही आपापल्या कुंड्या मांडू लागतात. अलीकडे अशा मांडणीला ‘थीम’ लागते. थीम म्हणजे बहुतेक वेळा फुलांचा मोर, फुलांचे विमान किंवा रंगवलेली बैलगाडी आणि तिच्यात दाटीवाटीने बसवलेला पिटुनिया. हे पाहायला मलाही आवडते. परंतु फलकावर ‘शैक्षणिक दालन’ असे लिहिले की अपेक्षा बदलते. घरच्या कुंडीकडे किंवा जेवणाच्या ताटाकडे पाहून जे कळत नाही, असे काहीतरी तिथे पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता आले पाहिजे.

त्यासाठी सर्वांत सोपा आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित विषय म्हणजे वनस्पतींचे एखादे कुळ, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवात सोलॅनेसीपासून करावी. वांगे, टोमॅटो, मिरची, बटाटा, अश्वगंधा, रातराणी, तंबाखू, गणपतीच्या पत्रींमधली डोरली आणि धोत्रा, इतकेच काय, त्या बैलगाडीतला पिटुनियासुद्धा या एकाच कुळातला आहे. ही यादी नुसती फलकावर लिहिली तर कोणी वाचणार नाही. फुलावर आलेल्या कुंड्या शेजारी-शेजारी ठेवल्या, तर मात्र फलकाची फारशी गरजच उरत नाही. वांग्याचे जांभळे, मिरचीचे पांढरे आणि टोमॅटोचे पिवळे फूल यांत तळाशी जुळलेल्या पाकळ्यांची तीच चांदणी दिसते. पिटुनियात आणि धोत्र्यात ती ताणली जाऊन कर्णा होतो, पण त्याच्या कडेला पाच टोके किंवा पाच घड्या मोजता येतात. फळ धरल्यावरही निदले, म्हणजे फुलाच्या तळाशी असणारी हिरवी दले, गळून पडत नाहीत. वांग्याची काटेरी टोपी, टोमॅटोच्या डोक्यावरची हिरवी चांदणी आणि अश्वगंधेच्या लालबुंद फळाभोवतीचा कागदी फुगा हे सगळे तेच निदलपुंज आहेत.

वांग्याच्या फुलापाशी तर दालनाने पाच मिनिटे थांबवावे, इतके ते गमतीचे आहे. त्याचे पिवळे परागकोश उभे चिरत नाहीत. प्रत्येकाच्या टोकाला बारीक छिद्र असते आणि मिठाच्या डबीसारखे ते हलवल्याशिवाय पराग बाहेर पडत नाहीत. भुंगा फुलाला घट्ट धरून अंगातले स्नायू थरथरवतो आणि पराग झाडून घेतो. आपल्या ओळखीच्या मधमाशीला हे जमत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा वाजवून अशा फुलाला टेकवला आणि खाली काळा कागद धरला, तर पिवळी भुकटी पडताना दिसते. या एका प्रयोगासाठी मी कितीही फुलांचे मोर सोडून द्यायला तयार आहे.

याच कुंड्यांत इतिहासही मांडता येतो. वांगे आपल्याकडचे जुने रहिवासी. मिरची, टोमॅटो आणि बटाटा अमेरिका खंडांतून आलेले. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, तसेच ते भिवापूरच्या आणि गोव्यातल्या खोला भागातल्या मिरचीलाही आहे. या जातींचे बी मिळवून लावले, तर बाहेरून आलेले झाड इथल्या मातीत किती रुजले ते निराळे सांगावे लागत नाही. बटाटा मात्र आपल्या मैदानी हवेत फुलेलच याची खात्री नसते, म्हणून तो गोणीत लावून एक बाजू उघडी करून दाखवावा. उन्हामुळे हिरवा पडलेला बटाटा शेजारी ठेवावा आणि तो खाऊ नये असे आई का सांगते, ते लिहावे. तिथून धोत्र्याकडे वळणे सोपे जाते. धोत्र्याचे सर्वांग विषारी असल्यामुळे त्याची कुंडी दोरीपलीकडे, मुलांचा हात पोचणार नाही अशी असावी. धोक्याची झाडे दालनातून वगळावीत, असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही, कारण धोत्रा रस्त्याकडेला उगवतोच आणि तिथे दोरी नसते.

सजावटीच्या हौसेने ही सगळी झाडे एकाच मोठ्या कुंडीत कोंबण्याचा मोह टाळावा. ऊन सर्वांनाच भरपूर लागते हे खरे, पण मर रोगाचे जिवाणू मातीतून पसरतात आणि एक झाड माना टाकू लागले की भाऊबंदही मागोमाग जातात. वांग्यानंतर त्याच वाफ्यात टोमॅटो लावू नये, असा सल्ला शेतकऱ्याला दिला जातो तो यासाठीच. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र कुंडी द्यावी, वांग्याला निदान बारा इंची, आणि तळाच्या छिद्रावर खापराचा तुकडा ठेवायला विसरू नये. तयारी ऑक्टोबरच्या आरंभी सुरू करावी, कारण मिरचीचे रोपच लावणीजोगे व्हायला सुमारे सहा आठवडे घेते. आदल्या दिवशी रोपवाटिकेतून टेम्पो भरून आणलेल्या कुंड्यांना शैक्षणिक म्हणणे मला जड जाते. मुलांनी ती झाडे वाढवलेली असतील, तर पांढरी माशी कुठे बसते हेही तीच पाहुण्यांना पान उलटून दाखवतील.

आयोजकांकडे माझी मागणी मोठी नाही. बक्षिसांच्या यादीत ‘विषयवार कुंड्या’ हा गट ठेवताना रंगसंगतीइतकेच गुण या गोष्टीला द्यावेत की परीक्षकाने फलक झाकून मुलांना प्रश्न विचारले, तर त्यांची उत्तरे कुंडीतच सापडतात का. मांडणी लहान मुलाच्या आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर असावी, अशी अट घालावी. आणि प्रदर्शन संपल्यावर कुंड्या शाळेत परत नेऊन फळ पिकेपर्यंत सांभाळणे बंधनकारक असावे; बी धरून झाल्यावर त्याच मातीत पुढच्या हंगामात घेवडा किंवा चवळी लावता येईल.