‘पट्टा चालतो, माणूस नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आई तीन आठवडे नेमाने ट्रेडमिलवर चालत होती. वय एकोणसत्तर, रक्तातली साखर थोडी वाढलेली, डॉक्टरांनी ‘रोज चाला’ एवढंच सांगितलेलं. एका सकाळी मशीन बंद दिसलं आणि त्याची लाल सेफ्टी की (निघाली की पट्टा थांबवणारी किल्ली) ड्रॉवरमध्ये. विचारलं, तर तिने फोन माझ्यापुढे धरला. हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. त्याचा सारांश असा: घरच्या ट्रेडमिलवर चालणं हे चालणंच नव्हे, कारण पट्टा पाय मागे ओढतो आणि शरीराला काही कामच उरत नाही, त्यात गुडघे झिजतात, सलग पाऊण तास किंवा दहा हजार पावलं झाली नाहीत तर फायदा शून्य, आणि चरबी घटवायची तर हळूच चाला, वेग वाढवला की चरबी जळायची थांबते.

“म्हणजे इतके दिवस मी उगाचच चालले,” आई म्हणाली. ते वाक्य मला लागलं. म्हणून हे उत्तर.

सगळ्यात जास्त पटणारा आणि सगळ्यात चुकीचा मुद्दा पट्ट्याचा. पट्टा पाय मागे नेतो हे खरं. पण तुम्ही नुसते उभे राहिलात तर तो तुम्हालाही मागे नेऊन खाली उतरवेल. जागेवर राहायचं असेल तर पट्टा जितका मागे जातो तितकंच पाऊल दर वेळी पुढे टाकावं लागतं, आणि ते टाकताना अख्खं शरीर एका पायावर तोलावं लागतं. एकसारख्या वेगाने धावणाऱ्या रेल्वेच्या डब्यात तुम्ही शेवटच्या डब्याकडे चालत गेलात, तर जमिनीवर चालताना लागते तेवढीच ताकद लागते. पट्ट्याचंही तसंच. फरक पडतो तो हवेचा. बाहेर आपण हवा कापत जातो, घरात नाही. अँड्र्यू जोन्स आणि जोनाथन डाउस्ट या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं की ट्रेडमिलला एक टक्का चढ दिला की हा फरक भरून निघतो. पण त्यांनी तपासलं होतं ते ताशी साडेदहा किलोमीटर आणि त्यापुढच्या वेगाचं धावणं. ताशी चार-पाच किलोमीटरने चालणाऱ्याला हवेचा अडथळा जवळपास नसतोच.

याहून सोपा पुरावा हृदयरोगतज्ज्ञांकडे आहे. छातीला तारा लावून करतात ती स्ट्रेस टेस्ट बहुतेक वेळा ट्रेडमिलवरच होते. रॉबर्ट ब्रूस या डॉक्टरांनी १९६३ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरात आहे: सुरुवात ताशी २.७ किलोमीटर वेग आणि दहा टक्के चढाने, मग दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढत जातात. पट्टाच सगळं काम करत असता, तर हृदयावर ताण आलाच नसता आणि ही तपासणी अस्तित्वातच आली नसती.

मेसेजात एक गोष्ट मात्र नाही, आणि ती असायला हवी होती. मेहनत खरोखर चोरली जाते ती हँडल धरल्यामुळे. आईचं चालणं मी त्या दिवसानंतर नीट पाहिलं. दोन्ही मुठी पुढच्या दांड्यावर इतक्या घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडलेली, अंग मागे रेललेलं, पाऊल शरीराच्या बरंच पुढे आणि टाच धप्प करून आपटणारी. वजनाचा काही भाग हातांवर गेला की पायांना आणि हृदयाला तेवढं कमी काम पडतं. चढ लावून हँडलला लटकणाऱ्याचा तर चढच वाया जातो. उपाय साधा आहे: हात सोडून चालता येईल इतका वेग कमी करायचा. आम्ही ३.६ वरून २.४ वर आलो. पहिल्या दिवशी तिची बोटं दर मिनिटाला आपोआप दांड्याकडे जायची. चौथ्या दिवशी हात मोकळे झाले, पावलं आखूड झाली आणि तो धप्प आवाज थांबला. ज्यांचा तोल खरोखर जातो, त्यांनी मात्र आधार सोडायची घाई करू नये.

यातच गुडघ्यांचा मुद्दाही येतो. आईच्या गुडघ्यांची पहिल्या आठवड्यापासूनची कुरकुर त्या लांब, आपटणाऱ्या पावलांसोबतच थांबली. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दाब पडून सुटला की सांध्यातला द्रव तिच्यात ये-जा करतो आणि त्यावर तिचं पोषण होतं, म्हणजे हालचाल ही तिची गरजच आहे. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा हौसेने धावणाऱ्यांत गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के निघालं, बैठं आयुष्य जगणाऱ्यांत १०.२ टक्के. स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत मात्र ते १३.३ टक्के होतं, तेव्हा अतिरेकाची भीती खोटी नाही. यावरून धावण्यामुळेच सांधे वाचतात असं सिद्ध होत नाही, पण ‘वापरले की झिजतात’ हा हिशेब टिकत नाही. आणि आपण तर चालण्याबद्दल बोलतो आहोत. गुडघा सुजलेला असेल, लचकत किंवा अडकत असेल, तर मशीनवर चढण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

दहा हजारांचा आकडा कुठून आला हे कळल्यावर आईला सगळ्यात जास्त हायसं वाटलं. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं, नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मोजमाप. आकडा रूढ झाला तो या नावामुळे. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला साधारण २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या आसपास हा फायदा वाढायचा थांबला. ‘सलग पाऊण तास’ हेही असंच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. तो निदान दहा मिनिटं सलग हवा, ही जुनी अट तिने २०२० मध्ये काढून टाकली. सकाळी आठ मिनिटं आणि संध्याकाळी आठ मिनिटं हा पूर्ण हिशेबात धरायचा व्यायाम आहे.

चरबीचा मुद्दा अर्धवट ज्ञानातून आला आहे. हळू चालताना खर्च होणाऱ्या ऊर्जेत चरबीचा वाटा टक्केवारीने जास्त असतो, हे बरोबर. पण वाटा मोठा असला तरी एकूण खर्चच छोटा असतो. वजन ठरतं ते दिवसांच्या आणि आठवड्यांच्या एकूण जमाखर्चावर, चालतानाच्या टक्केवारीवर नाही. ७० किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरने सपाट पट्ट्यावर अर्धा तास चालला तर साधारण १२० कॅलरी लागतात. त्याच वेगाला पाच टक्के चढ दिला की मेहनत दीडपटीहून वर जाते. म्हणूनच धावायचं नसेल त्यांनी स्पीडपेक्षा चढाचं बटण ओळखीचं करून घ्यावं, अर्थात सपाटीवर सहज जमायला लागल्यानंतर.

मेसेजच्या बाजूने एवढंच म्हणेन: पट्ट्यावर वळणं नसतात, खाचखळगे नसतात, त्यामुळे तोल सांभाळायचा सराव कमी होतो. आणि नुसत्या चालण्याने स्नायूंना ताकद येत नाही. त्यासाठी आठवड्यातून दोन दिवस वेगळा व्यायाम हवा. आई खुर्चीतून हात न टेकता उठबस करते.

मेसेजने न सांगितलेली काळजी मात्र घ्या. मशीनच्या मागे भिंत नको, दोन मीटर मोकळी जागा ठेवा. सुरू करताना दोन्ही पाय बाजूच्या स्थिर पट्ट्यांवर ठेवा, पट्टा अगदी हळू फिरायला लागला की मग पाऊल टाका. सेफ्टी की कपड्याला अडकवा, आणि घरात लहान मूल असेल तर काम झाल्यावर काढून लपवा. फिरत्या पट्ट्यात हात गेला तर कातडी भाजून निघते. उतरल्यावर थोडा वेळ जमीन सरकल्यासारखी वाटते, त्याला घाबरू नका. छातीत दुखलं, भोवळ आली किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर थांबा आणि डॉक्टरांना गाठा.

वेग किती ठेवायचा यासाठी नाडीचे तक्ते पाहू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी मुळातच मंद ठेवतात. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, तो वेग बरोबर.

काल संध्याकाळी मी शेजारी उभा होतो. वेग ३.२, हात मोकळे. आई मला शेजारच्यांच्या मुलीचा निकाल सांगत होती. अकराव्या मिनिटाला वाक्य मध्येच तोडून तिने श्वास घेतला. मी वेग कमी करायला हात पुढे केला, तर म्हणाली, “राहू दे, अजून बोलता येतंय मला.”