शाळा बंद असली तरी फोन आईलाच

पावसाळ्यात रात्री उशिरा शाळांना सुट्टी जाहीर झाली की एक मजकूर हमखास पुन्हा फिरायला लागतो. यंदा तो आमच्या सासरच्या ग्रुपवर मामेसासऱ्यांनी टाकला. थोडक्यात असा: कोरोनात दोन वर्षं शाळा बंद होत्या, तेव्हा आई-बाबा दोघंही घरीच होते, पुरुषांनीही भांडी घासली, त्यामुळे ओझं दोघांवर सारखंच पडलं. नोकरदार बायकांना तर घरून काम मिळालं, मूल डोळ्यांसमोर राहिलं. बायकांचं कमावणं घटलं नाही, उलट सरकारी आकड्यांत वाढलं. आमच्या आयांनी पाच-पाच पोरं वाढवली, आताच्या दोनातच थकतात. आणि शेवटी टाळ्यांचं वाक्य: शाळा म्हणजे काय पाळणाघर आहे का?

खाली अंगठ्यांची रांग. मी ग्रुपवर गप्प बसले, म्हणून इथे लिहिते.

आधी "दोघंही घरीच होते" हे घेऊ. कोण दोघं? टाळेबंदीत बँका चालू होत्या, दवाखाने चालू होते, कचरा रोज उचलला जात होता. राज्यात सत्तर हजारांच्या आसपास आशा सेविका आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहीम निघाली, तेव्हा ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन त्या लोकांच्या दारोदार फिरत होत्या. त्यांच्या स्वतःच्या कुटुंबाची जबाबदारी त्या वेळात कोणाकडे होती, हे मोहिमेच्या नावात बसत नव्हतं.

मी तेव्हा एका सहकारी बँकेच्या शाखेत काउंटरला होते. जून २०२० मध्ये मुलगा पहिलीत गेला, म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर गेला. धाकटी दोन वर्षांची, तिचं पाळणाघर मार्चपासून बंद. नवऱ्याचं अकाउंट्सचं काम घरून. म्हणजे आमच्याकडे बाप घरी आणि आई बाहेर. मजकुराच्या हिशेबाने ओझं त्याच्याकडे जायला हवं होतं. एका सकाळी काउंटरसमोर पेन्शनवाल्यांची रांग लागलेली, माझ्यापुढे सुटी केलेली नोटांची गड्डी, आणि फोन वाजला. वर्गशिक्षिका. "मॅडम, तुमच्या मुलाचा कॅमेरा बंद आहे, कालचे वहीचे फोटोही आले नाहीत." म्हटलं, त्याचे बाबा घरीच आहेत, त्यांना लावता का? पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "त्यांना कशाला, ते कामात असतील ना."

मीही कामातच होते. गड्डी पुन्हा पहिल्यापासून मोजली.

त्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे आमच्या घराचा एकच नंबर होता, माझा. वर्गाच्या ग्रुपवर अडतीस पालक होते, त्यांतल्या पस्तीस आया. आणि पडद्यापलीकडे त्यांचंही मूल मध्येच "आई, शी झाली" म्हणायचं, ते साऱ्या वर्गाला ऐकू यायचं. जानेवारी २०२१ पासून मी तीन महिने बिनपगारी रजा घेतली, कारण सासूबाईंच्याने दोन मुलं सांभाळणं होईना. त्या वर्षीची बढतीची परीक्षा हुकली. नवऱ्याने रजा घ्यावी का, यावर आमच्याकडे वादही झाला नाही. वाद झाला असता तर निदान विषय तरी निघाला असता.

आता भांडी. हो, घासली. हे नाकारणं खोटेपणाचं होईल. अर्थतज्ज्ञ अश्विनी देशपांडे यांनी त्या काळातल्या देशभरच्या कुटुंबांच्या पाहणीतून दाखवलं आहे की एप्रिल २०२० मध्ये घरकामात पुरुषांचा वेळ खरोखरच वाढला होता. पण ऑगस्टपर्यंत तो पुन्हा उतरणीला लागला. भांडी घासतानाचे फोटो एप्रिलमधले आहेत, मजकूर मात्र दोन्ही वर्षांचा हिशेब त्या फोटोंवर भागवतो.

लांबचा हिशेब सरकारनेच करून ठेवला आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, असं काम करणाऱ्या पुरुषाचा ९७. (मुळात हे काम बायकांपैकी ८१ टक्के करत होत्या आणि पुरुषांपैकी २६ टक्केच, ते वेगळंच.) पुढची पाहणी २०२४ ची. बाई २८९, पुरुष ८८. फरक आधी २०२ मिनिटांचा होता, तो २०१ झाला. मध्ये अख्खी महामारी येऊन गेली, साऱ्या देशाने म्हणे पोळ्या लाटायला घेतल्या, आणि एक मिनिट कमी झालं. मुलं-म्हातारी सांभाळण्याच्या कामात तर फरक ५८ मिनिटांवरून ६२ वर गेला.

"घरून काम मिळालं" या वाक्यातली नोकरदार बाई लॅपटॉपवाली आहे. आमच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींना घरून काम कसं मिळणार? सोसायटीने त्यांना चार महिने गेटच्या आत घेतलं नाही. पुन्हा यायला लागल्या तेव्हा त्यांच्या दोन मुलांची महापालिकेची शाळा बंदच होती. घरात स्मार्टफोन एक, तो रिक्षा चालवणाऱ्या नवऱ्याच्या खिशात, म्हणजे वर्ग रात्री नऊनंतर, फोन घरी आल्यावर. दिवसा दहा वर्षांची मुलगी पाच वर्षांच्या भावाला सांभाळायची. एकदा दोघांना घेऊनच आल्या आणि आमच्या जिन्यात बसवलं. तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार.

मुंबईतली आणखी एक गोष्ट लोक विसरले. २१ ऑक्टोबर २०२० पासून सगळ्या बायकांना लोकलने जायची मुभा मिळाली, पण सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर. दहाच्या हजेरीला त्याचा काय उपयोग, ते सोडून देऊ. काही जणी मुलांना सोबत घेऊन येऊ लागल्यावर रेल्वेने स्पष्ट केलं की मुभा फक्त बायकांना आहे, मुलांना नाही. शाळा बंद, पाळणाघर बंद, गाडीत मूल चालणार नाही, पण बाईने कामावर जायला हरकत नाही! हे नियम तीन वेगळ्या ठिकाणी ठरले असतील. मूल कडेवर घेऊन फलाटावर उभ्या असलेल्या बाईला ते तिन्ही एकदमच लागू होत होते.

आकडे वाढले, हा मुद्दा वरवर पाहता खरा आहे. पंधरा वर्षांवरच्या बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग, म्हणजे त्यांच्यातल्या काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या किती, तो २०१८-१९ मध्ये २४.५ टक्के होता, तो २०२०-२१ मध्ये ३२.५ झाला. पण या मोजणीत घरच्या शेतात किंवा टपरीवर बिनपगारी हातभार लावणारी बाईही कामकरी धरली जाते, आणि वाढीचा मोठा भाग शेती आणि स्वयंरोजगारातला आहे. पगाराची नोकरी गेलेली बाई गावी जाऊन सासऱ्याच्या शेतात खुरपायला लागली, तर ती आकड्यात राहते, पगार तेवढा जातो. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या अहवालाने आधीपासून कमावणाऱ्यांचाच माग काढला. पुरुषांपैकी ६१ टक्के टाळेबंदीत आणि नंतरही कामावर टिकले, बायकांपैकी फक्त १९. काम गेलं आणि २०२० संपेपर्यंत परत मिळालं नाही, असे पुरुष ७ टक्के, बायका ४७. हे सगळं केवळ शाळा बंद होत्या म्हणून झालं असं मी म्हणणार नाही. बायकांची कामं मुळातच कच्च्या दोऱ्याची असतात. पण सहभाग वाढला म्हणून ओझं नव्हतं, हे मात्र या आकड्यांतून निघत नाही.

पाच-पाच पोरांवर मी खरं तर लिहिणारच नव्हते, पण आईने हा मजकूर वाचला आणि हसली. माझ्या आजीला पाच मुलं. आई थोरली. सातवीनंतर तिची शाळा सुटली ती धाकट्या चौघांना सांभाळायला, कारण आजी शेतावर जायची. म्हणजे ती पोरं आजीने एकटीने वाढवली नाहीत, चौघं तर माझ्या आईने वाढवली, वयाच्या तेराव्या वर्षापासून. मावशींची मुलगी जिन्यात बसून तेच करत होती.

राहिलं टाळ्यांचं वाक्य. शाळा पाळणाघर नाही, मान्य. मग पाळणाघर कुठे आहे? २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत ते असलंच पाहिजे असं सांगितलं. आमच्या शाखेत आम्ही अकरा जण. कायद्यातली आणखी एक ओळ मजेशीर आहे: पाळणाघरात दिवसातून चार वेळा जाऊ द्यायचं, ते त्या महिलेला. बाप चार वेळा जाऊ शकतो का, याबद्दल चकार शब्द नाही.

शाळेची वेळ धरूनच नोकऱ्या बेतल्या जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी उघडण्याच्या रांगेत ती शेवटी होती. राज्यात मॉल ऑगस्ट २०२० मध्ये उघडले, बार ५ ऑक्टोबरला. मुंबईत पहिलीचा वर्ग उघडला १५ डिसेंबर २०२१ ला, तोवर माझा मुलगा दुसरीत होता. जानेवारीत तीन आठवडे पुन्हा बंद. संसर्गाची भीती खरी होती, तिसऱ्या लाटेची धास्ती मलाही होती. पण बंदचा एकेक महिना वाढवताना मुलं कोणाच्या भरवशावर घरी आहेत, हा प्रश्न कोणाला पडल्याचं दिसलं नाही, कारण उत्तर गृहीतच होतं.

धाकटी आता दुसरीत आहे. जूनमध्ये मी शाळेत जाऊन वर्गाच्या ग्रुपमध्ये नवऱ्याचाही नंबर घालून घेतला. जुलैत पावसाची पहिली सुट्टी जाहीर झाली, निरोप रात्री दहाला दोघांनाही आला. माझ्याकडे दुसऱ्या दिवशी ऑडिट होतं, म्हणून तो थांबला. सकाळी त्याने साहेबांना फोन केला, मुलीची शाळा बंद आहे, आज रजा हवी. साहेबांनी काळजीने विचारलं, "का हो, मिसेस गावी गेल्यात का?"