‘छप्पर : ठीक’ असं लिहिलं, ती चूक आमचीच

नमस्कार दादा. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. आज सकाळी गॅरेजमधल्या पोरांना मोठ्याने वाचून दाखवला आणि मग एप्रिलमधला तुमचा रिपोर्ट फाइलमधून काढून ओळ न् ओळ पाहिली. उत्तराला दिवस लागला तो त्यामुळे.

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. कोल्हापूरच्या या ग्राहकांनी पुण्यातली एक २००८ ची बीएमडब्ल्यू झेड-फोर, दोन सीटची, कापडी छपराची, विकत घेण्याआधी आमच्याकडून साडेसहा हजार रुपये देऊन तपासून घेतली. त्यांचं म्हणणं असं की आम्ही छप्पर ठीक असल्याचं लिहून दिलं आणि जुलैत भर पावसात ते अर्ध्यावर अडकलं. त्यांच्या मेकॅनिकने उघडलं तर मोटर पाण्यात बुडालेली. शिवाय ‘टेस्ट ड्राइव्हच्या नावाखाली ४० किलोमीटर गाडी उडवली, टायरवरून उगाच घाबरवलं, कागदपत्रांवर पानभर पुराण लिहिलं’ अशा तीन तक्रारी आहेत.

छपराची तक्रार शंभर टक्के बरोबर आहे. आधी तेच बोलू.

२००२ ते २००८ या काळातल्या झेड-फोरचं छप्पर हायड्रॉलिक पंपावर चालतं. पंपाची मोटर बसवलेली असते मागे, छप्पर घडी होऊन जिथे जातं त्या खोबणीच्या अगदी तळाच्या कोपऱ्यात, फोमच्या आवरणात गुंडाळून. कापडावरून ओघळलेलं पाणी याच खोबणीत उतरतं आणि निचऱ्याच्या नळीतून गाडीखाली पडतं. नळी मोकळी असेल तर वीस वर्षं काही होत नाही. तुंबली की पाणी कोपऱ्यात साचतं, फोम ते स्पंजासारखं धरून ठेवतो आणि मोटर आतून गंजत जाते. मरायच्या दिवसापर्यंत ती चालतेही झकास! म्हणून कोरड्या दिवसात बटण दाबून छप्पर उघडलं-मिटलं, एवढ्यावर या गाडीचं छप्पर पास करायचं नसतं.

आम्ही एरवी काय करतो? पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली घेऊन कोपऱ्यात हळूहळू ओततो. दुसरा पोरगा जमिनीवर आडवा होऊन खाली धार पडते का ते बघतो. पडली की पुढे. नाही पडली तर अस्तर काढून मोटरपर्यंत हात घालायचा, फोम ओला लागतो का पाहायचा. दहा मिनिटांचं काम आहे.

तुमच्या गाडीच्या वेळी विक्रेते म्हणाले, परवाच आतून डिटेलिंग (बारकाईने साफसफाई) करून आणलीय, पाण्याचा थेंब लावू देणार नाही. त्यांची गाडी, त्यांचा हक्क. आम्ही छप्पर तीनदा उघडलं, तीनदा मिटलं, दर वेळी दहा सेकंदांच्या आसपास. आणि रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर ३१ व्या ओळीत लिहिलं: ‘निचरा चाचणी : परवानगी नाही’. पहिल्या पानावरच्या चौकटीत मात्र हिरव्या शाईत ‘छप्पर : ठीक’.

तिसरं पान कोण वाचतो हो? मी स्वतः रक्ताचा रिपोर्ट पहिल्या पानावरच मिटून खिशात घालतो. जे बघू दिलं नाही ते ठीक कसं असेल? फार तर ‘माहीत नाही’ असेल, आणि विकत घेणाऱ्याने माहीत नाही म्हणजे बिघडलंय असंच धरून पैसे बोलायचे असतात. हे मी तुम्हाला फोनवर ठणकावून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही, पण लपवत नाही. आमच्या पोराने त्या दिवशी हाताने लिहिलेल्या टिपणात एक ओळ सापडली: ‘बॉनेटखाली काचेच्या मुळाशी गुलमोहराचा पाला’. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये ती गाडी गुलमोहराखालीच उभी असायची. गुलमोहराची पानं म्हणजे नखाएवढ्या हिरव्या टिकल्या. कुठेही शिरतात, ओल्या झाल्या की लगदा होतो. पुढे पाला सापडला तर मागच्या नळीत तो असणारच, हे गॅरेजात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाच्या डोक्यात यायला हवं होतं. तुम्ही रिव्ह्यूला जोडलेल्या फोटोत निचऱ्याच्या नळीच्या तोंडाशी बसलेला काळा गोळा मोठा करून पाहिला. त्यात त्या टिकल्या अजून मोजता येतात.

आता बाकीचं. इथे मात्र मी ऐकून घेणार नाही.

४० किलोमीटर. हो, चांदणी चौकातून पिरंगुटचा घाट चढून-उतरून परत आलो, तेही एप्रिलच्या दुपारी दोनला, एसी लावून. मजा म्हणून नाही. या झेड-फोरचं पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे आणि त्याचा एक ठरलेला आजार आहे: गाडी आणि हवा दोन्ही तापली की स्टिअरिंग मधल्या जागी किंचित चिकटतं. सरळ रस्त्यावर बारीकशी दुरुस्ती करायला जावं तर आधी हलत नाही, मग एकदम खट्‌कन जास्त फिरतं. सकाळी सोसायटीभोवती दोन चकरा मारून हे जन्मात कळणार नाही. आम्हाला ३० व्या किलोमीटरला जाणवलं. ते तुम्हाला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं आणि त्या एका मुद्द्यावर तुम्ही किंमत ९० हजारांनी खाली आणलीत. हे तुम्हीच आनंदाने कळवलं होतं, मेसेज अजून आहे. पेट्रोलचे पैसे वेगळे घेतले नव्हते.

टायर. चारही टायरवर नक्षी भरपूर होती, म्हणून तुम्हाला नवे वाटले. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. तुमच्या मागच्या टायरवर २२१५ होते. म्हणजे २०१५ सालचा २२ वा आठवडा. असल्या गाड्या वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर चालतात, टायर झिजत नाहीत, उभ्याउभ्या वाळतात. भिंतीवर केसांसारख्या भेगा होत्या, त्यांचे फोटो रिपोर्टमध्ये आहेत. त्यात ही गाडी रनफ्लॅट टायरवर (हवा गेली तरी थोडं अंतर चालणाऱ्या) येते, स्टेपनी ठेवायला जागाच नाही. ताशी शंभरने महामार्गावर मागचा टायर फुटला तर काय, हा प्रश्न घाबरवण्यासारखाच आहे. मी मुद्दाम घाबरवलं.

कागदपत्रांचं पुराण. दादा, आरसीवर रंग चंदेरी आणि समोर गाडी लाल. डिकीचं रबर ओढून पाहिलं तर कडेला मूळ चंदेरी रंग तसाच होता. रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, डाव्या दारावर आणि मागच्या पॅनेलवर चारशेच्या वर आकडा आला. म्हणजे खाली पुट्टी. ठोकलेली गाडी घेऊ नये असं मी म्हणत नाही, ठोकलेली आहे हे माहीत असून घ्यावी. शिवाय नुसता रंग बदललेली गाडी आणि धडकलेली गाडी यांच्या किमतीत फरक पडतो. बिना चौकटीची दारं असलेल्या गाडीत दार उघडताना काच बोटभर खाली सरकते आणि बंद झाल्यावर वर जाऊन रबरात बसते. डाव्या दाराची काच वर जाऊन नीट बसत नव्हती, हेही त्याच पानावर आहे. ते पुराण वाचलं असतंत तर पहिल्याच पावसात डावी सीट भिजली नसती.

आणि पंधरा वर्षं. २००८ ची नोंदणी म्हणजे २०२३ ला पुन्हा पासिंग झालं, पुढचं २०२८ ला. २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या आयात गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ४० हजार झाली, इथल्या गाड्यांना ती ५ हजार झाली. पर्यावरण कर निराळा. गाडी घेताना हा खर्च कोणी सांगत नाही, मी सांगितला. बँकेचा बोजा उतरवल्याची नोंद आरसीवर नव्हती तीही आम्हीच दाखवली. बोजा उतरल्याचा ३५ नंबरचा फॉर्म विक्रेत्यांकडून मिळाल्याशिवाय टोकन देऊ नका म्हटलं, आणि ते तुम्ही ऐकलंत.

हिशोब असा. तपासणीचे साडेसहा हजार आज तुमच्या खात्यावर परत पाठवतोय. गाडी पुण्याला आणलीत तर मोटर त्या खड्ड्यातून काढून वर डिकीमध्ये हलवून देतो, या गाड्यांवर हा उपाय सगळीकडे करतात. मजुरी घेणार नाही, सुट्या भागांचे पैसे तेवढे तुमचे. टायर आणि काचेबद्दल एक रुपया देणार नाही. आमच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर आजपासून नवा रंग आलाय, लाल अक्षरात ‘तपासू दिलं नाही’. रिव्ह्यू बदला असं म्हणणार नाही, राहू द्या.

तोवर एवढं करा. छप्पर बटणाने हलवू नका. ते हाताने मिटवता येतं, कसं ते तुमच्या मेकॅनिकला फोनवर सांगतो. नळीत कंप्रेसरची हवा मारू देऊ नका, आतला जोड निसटला तर पाणी थेट गाडीत उतरेल; गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी घ्या, टोक गोल करा आणि हलक्या हाताने वर-खाली करा. आणि काढलेली जुनी मोटर भंगारात टाकू नका. उघडून, वाळवून, ब्रश बदलून त्यातल्या काही पुन्हा फिरतात. पिशवीत घालून गाडीसोबत घेऊन या.