अँटोनिओचं प्रेम कुणी नंतर घुसडलेलं नाही

काल रात्री घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला आणि तो वाचून ताईने मुलाला फर्मावलं, ‘सोड ते नाटक.’ भाचा कॉलेजात शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकातला अँटोनिओ करतोय. फॉरवर्ड म्हणतो: अँटोनिओ आणि बसानिओ निव्वळ मित्र, त्यांच्यात प्रेम शोधणं हे आजकालचं फॅड, त्या काळी असलं काही नव्हतंच, आणि अशाने मुलं बिघडतात.

नव्हतंच? मग १५३३ साली इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या राज्यात पुरुषांमधल्या शरीरसंबंधांना मृत्युदंड देणारा कायदा कशाला झाला? आणि आजकालचंच म्हणाल, तर १६४० मध्ये प्रकाशक जॉन बेन्सनने शेक्सपिअरची सॉनेट्स, म्हणजे पुरुषाला उद्देशूनही लिहिलेल्या प्रेमकविता, छापताना काही ठिकाणी ‘तो’ची ‘ती’ करून टाकली होती.

एवढं मान्य, की त्या काळच्या इंग्रजीत जिवलग मित्रालाही ‘लव्हर’ म्हणत. बसानिओची बायको पोर्शिया स्वतःच अँटोनिओला तसं म्हणते. नुसत्या त्या शब्दावर कुणी निकाल देत असेल तर ते चूकच. पण शब्द सोडा, नाटक वाचा.

अँटोनिओ पहिल्याच ओळीत सांगतो, मी उदास का आहे ते मलाच कळत नाही. प्रेमात पडलास का, असं विचारल्यावर ‘छे, छे!’ करतो. बसानिओ पोर्शियाला मागणी घालायला निघतो तेव्हा याचे डोळे भरून येतात. ते दिसू नयेत म्हणून तो तोंड फिरवतो, हात मागे नेतो आणि तसाच मित्राचा हात घट्ट दाबतो. हे एक मित्र दुसऱ्याला सांगतो, आणि ऐकणारा म्हणतो, अँटोनिओ जगतोय तो बसानिओसाठीच. पुढे बसानिओसाठी काढलेलं कर्ज फिटत नाही आणि कोर्टात छातीवर सुरी यायची वेळ येते, तर हा बसानिओला म्हणतो: माझं तुझ्यावर किती प्रेम होतं ते तुझ्या बायकोला सांग, आणि तिलाच ठरवू दे.

या प्रेमाला शेक्सपिअरने नाव दिलेलं नाही. मीही देणार नाही. पण ‘काही नाहीच’ हे धडधडीत खोटं आहे.

बिघडायचं म्हणाल तर हाच अँटोनिओ ते कर्ज देणाऱ्या ज्यू सावकारावर, शायलॉकवर, थुंकतो, वर पुन्हा थुंकेन म्हणतो. त्याबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही!

ताई, एकदा तालमीला ये. शेवटी तीन जोडपी आपापल्या सुखात असतात आणि तुझा मुलगा एकटा उभा असतो. तेवढं बघ, मग बोलू.