‘माडीत पाणी आणि पावडर’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. रविवारी दुपारी आपण आमच्याकडे दोन ग्लास माडी (नारळाच्या झाडाचा आंबलेला रस) घेतलीत. पहिला गोड लागला, तासाभराने घेतलेला दुसरा आंबट. सोबत नेलेली बाटली दुसऱ्या दिवशी मुंबईत पार शिरक्यासारखी झाली. यावरून ‘पाणी आणि पावडर मिसळतात’ असं लिहून आपण एकच तारा दिलात. चव आवडली नाही तर तो आपला हक्क आहे. पावडरीचा आरोप मात्र मी तसाच राहू देणार नाही, कारण तो आमच्या माडावर चढणाऱ्या माणसांवर जातो.

माडाची न उमललेली पोय, म्हणजे फुलोरा, दोरीने आवळून बांधायची, हलक्या हाताने ठोकत राहायची, टोकाचा पातळ काप काढायचा. असं काही दिवस केल्यावर रस ठिबकू लागतो. मग रोज दोन-तीनदा वर चढून ताजा काप द्यावा लागतो, नाहीतर पोय आटते. पावसात खोड निसरडं झालं तरी त्यातून सुटका नाही.

त्या रसात साधारण 12 ते 15 टक्के साखर असते. त्यात विरजण कुणी घालत नाही. हवेतलं आणि मडक्याच्या अंगाला राहिलेलं यीस्ट वरच कामाला लागतं, काही तासांत 4-5 टक्के मद्य होतं आणि दिवसभरात जिवाणू त्याचं आम्ल करून टाकतात. (नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात, त्याने आंबणं लांबतं.) वसईकडचे फुगे (तळलेले गोल पाव) आणि गोव्याची सान्नां (तांदळाच्या वाफवलेल्या इडल्या) फुगायची ती याच यीस्टच्या जोरावर. आपला पहिला ग्लास नुकत्याच उतरवलेल्या माडीचा होता, दुसरा सकाळच्या.

बनावट माडीत क्लोरल हायड्रेट हे गुंगीचं औषध आणि सॅकरिन घालतात. असलं विष माणसाचा जीव घेतं. पण सॅकरिनच्या पाण्यात आंबायला साखरच नसते, त्यामुळे ते तासातासाला चव बदलत नाही. तरीही शंका असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे जरूर तक्रार करा. दुकान परवान्याचं आहे, नमुना कधीही घ्यावा.

गोड हवी असेल तर सकाळी नऊच्या आत या आणि पहिल्या उतरणीची मागा. बाटलीचं झाकण घट्ट लावू नका, वायू साचतो. आंबट झालेली माडी ओतून देऊ नका, मासे मुरवायला तो शिरका उत्तम.